नागावचे केरूनाना आणि तासावरचे मास्तर

पेणहून गाडीने रोह्याला निघालं की मधे कासू, नागोठणे आणि निडी अशी तीनच स्टेशनं लागतात. १९९४ पासून पुढची आठ वर्षं मी या मार्गावर आठवड्यातले चार दिवस होतो. सकाळी पेणच्या बाजूच्या एका कॉलेजात दोन तास, दुपारी रोह्याच्या बाजूच्या दुसऱ्या कॉलेजात दोन तास. गाडी चुकली की वडखळ नाक्यावर येऊन एस.टी. धरायची. दोन्ही ठिकाणी मी 'लेक्चर बेसिस'वर होतो. सरकारी भाषेत 'तासिका तत्त्वावर', आणि शिपायाच्या भाषेत 'तासावरचे सर'. या दोन्ही संस्थांची नावं मी लिहीत नाही. त्यांनी वेगळं काही केलं नव्हतं, तेव्हा सगळीकडे तेच चालू होतं. एका ठिकाणी गणित विभाग म्हणजे स्टाफरूममधलं एक कपाट होतं आणि त्याची किल्ली रसायनशास्त्राच्या सरांकडे असे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. मुंबई विद्यापीठातून गणितात एम.एस्सी. केलं, तेही रखडत. जुने कागद वाचायची सवय फार उशिरा लागली आणि तिला कारणही फुटकळ होतं. एका कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी प्राचार्यांनी माझ्याकडे दोन पानांचा मजकूर मागितला: आपल्या जिल्ह्यातले पहिले गणिताचे प्राध्यापक कोण? मला उत्तर माहीत नव्हतं. विनोबा पेण तालुक्यातल्या गागोद्याचे आणि त्यांना गणिताची विलक्षण ओढ, एवढं ठाऊक होतं. पण विनोबा प्राध्यापक नव्हेत, त्यांनी तर इंटरची परीक्षाच सोडून काशीची वाट धरली. शेवटी वाचनालयात शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा १८९६ चा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास हाती आला. त्यात केरो लक्ष्मण छत्रे भेटले. गाव नागाव, अलिबागजवळ. मी त्या नागावला लहानपणापासून दहा वेळा तरी गेलो होतो, नारळीपोफळी आणि समुद्र पाहायला. हे नाव तिथे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दोन पानांचा मजकूर दिला आणि काम संपलं. पण केरूनाना काही सुटले नाहीत.

त्यांचा जन्म १८२५ चा. तेव्हा अलिबाग परिसर आंग्र्यांच्या कुलाबा संस्थानात होता. आईवडिलांचं छत्र लवकर हरपलं आणि चुलत्यांनी त्यांना मुंबईला नेलं. हे चुलते म्हणजे सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे, इसापनीती मराठीत आणणारे, मुंबईच्या शिक्षणसंस्थेच्या कारभारात असलेले. त्यामुळे नागावच्या या पोरक्या मुलाला जे घर मिळालं ते त्या काळातल्या मराठी छापील पुस्तकांचं जवळजवळ माहेरघर होतं. पुढे एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षण झालं. तिथे गणित आणि खगोल शिकवायला आर्थर ऑर्लिबार होते आणि बाळशास्त्री जांभेकरही होते. ऑर्लिबारांकडे मुंबईच्या कुलाब्यातल्या वेधशाळेचंही काम होतं. केरूनाना पोरवयातच त्या वेधशाळेत नोकरीला लागले. एका कुलाब्यातून दुसऱ्या कुलाब्यात, असा हा प्रवास. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं त्यांनी तिथे काढली. चुंबकीय सुया, वायुभारमापक, तापमापक यांची निरीक्षणं रात्रंदिवस, ठरलेल्या अंतराने घ्यायची, आकडे उतरायचे, बेरजा-वजाबाक्या करायच्या. ज्याला आपण कंटाळवाणं काम म्हणतो त्यावरच हा माणूस घडला. त्यांच्या पुढच्या सगळ्या लेखनात जो कोष्टकांचा सोस दिसतो तो मला तिथलाच वाटतो.

१८५० नंतर ते पुण्यात आले. तेव्हाचं पुणे कॉलेज विश्रामबागवाड्यात भरत असे. त्याचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. तिथे त्यांनी गणित आणि सृष्टिशास्त्र शिकवलं, जवळपास निवृत्तीपर्यंत. टिळक आणि आगरकर हे दोघेही त्यांचे विद्यार्थी. टिळकांना गणिताची जी पक्की बैठक मिळाली तिचं श्रेय त्यांच्या चरित्रकारांनी केरूनानांना दिलेलं आहे.

इथपर्यंतची हकीकत कुठल्याही चरित्रकोशात सापडते. मला अडकवलं ते दुसऱ्या गोष्टीने. हा माणूस कॉलेजात इंग्रजीतून शिकवत होता आणि घरी येऊन मराठीत लिहीत होता. १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' छापून निघाली. युरोपातल्या खगोलज्ञांनी नव्याने बसवलेली ग्रहगती, ती मराठी जोशाला पंचांग करताना वापरता यावी अशा रूपात आणलेली. तिच्या जोरावर आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने १८६५ च्या सुमारास नवं पंचांग निघालं. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखलं जातं. त्यात आरंभस्थान म्हणून रेवतीचा तारा धरला होता. पुढे टिळकांनी तोच पक्ष उचलला. कोकणात आजही काही घरांत टिळक पंचांग पाळतात आणि एखाद्या वर्षी अधिक महिना वेगळा आला की शेजारच्या घरी दिवाळी यायच्या आधीच यांच्या घरी आकाशकंदील लागतो. हा अंक ज्यांच्या हाती त्या सुमारास पडत असेल त्यांनी नागावच्या केरूनानांची आठवण काढायला हरकत नाही.

याशिवाय शाळांसाठी गणित आणि पदार्थविज्ञान यांवरची मराठी पुस्तकं त्यांनी लिहिली. म्हणजे पगार इंग्रजीतल्या व्याख्यानांचा, आणि लिहिणं मराठीत. हे असं दुभंगलेलं का? केरूनानांच्या स्वभावात याचं उत्तर शोधण्यात मी बराच वेळ घालवला. ते तिथे नव्हतं. ते त्यांच्या विद्यार्थिदशेतल्या मुंबईत होतं.

मराठीत नवं गणित आलं ते १८२० च्या दशकात. जॉर्ज जर्व्हिस नावाचा लष्करी इंजिनियर आणि जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांनी मिळून अंकगणित, बीजगणित, भूमिती यांची पुस्तकं तयार केली. 'शिक्षामाला' त्यातलीच. जर्व्हिसच्या हाताखाली इंजिनियरिंगची जी शाळा होती तिथली मुलं हे गणित मराठीतून शिकून जमीन मोजायला जात. त्यानंतर बाळशास्त्र्यांनी डिफरन्शियल कॅल्क्युलसवर मराठीत लिहिलं. त्या विषयाला त्यांनी 'शून्यलब्धी' असं नाव दिलं होतं. हा शब्द प्रथम वाचला त्या दिवशी मी नागोठण्याला उतरायचं सोडून रोह्यापर्यंत गेलो, असं सांगितलं तर खोटं होईल. मला रोह्यालाच जायचं होतं. पण पुस्तक मिटून बाहेर कुंडलिका येईपर्यंत मी तोच विचार करत होतो. एम.एस्सी. होईपर्यंत ज्या कल्पनेवर मी फक्त व्याख्या पाठ करून मात केली होती, ती या एका शब्दात होती. अंतर शून्याकडे नेलं की जे हाती लागतं ते. आज आपण 'अवकलन' म्हणतो. शब्द व्यवस्थित आहे. फक्त त्यातून काही दिसत नाही.

मग १८४० च्या दशकात मुंबईच्या शिक्षणमंडळात भांडण लागलं. मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी हे न्यायाधीश. त्यांचं म्हणणं, वरचं शिक्षण इंग्रजीतूनच द्यावं, थोड्यांना द्यावं. विरोधात कोण उभं राहिलं? तोच पाठ्यपुस्तकवाला जर्व्हिस, आणि त्याच्या बाजूने जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मक्बा हे मंडळातले तिन्ही एतद्देशीय सभासद. जर्व्हिसला मराठीचा पुळका होता असं म्हणून ही गोष्ट संपवता येत नाही. त्याने वीस वर्षं आधी प्रत्यक्ष करून पाहिलं होतं. मराठीतून भूमिती शिकलेली मुलं साखळी घेऊन शेतं मोजतात हे त्याला ठाऊक होतं. पेरींना ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. कागदावर वाद मिटला तो तडजोडीने, पण कल पेरींचा राहिला. १८५७ ला मुंबई विद्यापीठ झालं, परीक्षा इंग्रजीत गेल्या, आणि परीक्षा जिथे जाते तिथे शिकवणं जातंच. 'शून्यलब्धी'ला वर्ग उरला नाही. केरूनानांचं मराठी गणित कॉलेजच्या फाटकाबाहेर पंचांगात राहिलं.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण त्याशिवाय हे सगळं मी का लिहितो आहे ते कळणार नाही.

१९९७ च्या जूनमध्ये एफ.वाय.बी.एस्सी.च्या वर्गात एक मुलगा आला. मराठी माध्यमाचा, पेणजवळच्या एका गावातला. पेण म्हणजे गणपतीचे कारखाने. हा पोरगा शाळेपासून सुट्टीत कारखान्यात काम करायचा, साचे भरायचा. एकदा मी परिमाणांबद्दल बोलत होतो. स्थानिक उदाहरण द्यावं म्हणून म्हटलं, एक फुटाच्या मूर्तीला जेवढा माल लागतो त्याच्या आठपट दोन फुटांच्या मूर्तीला लागणार, कारण दोनाचा घन आठ. मुलांनी लिहून घेतलं. हा मागच्या बाकावरून म्हणाला, "नाही सर. चौपट. थोडा जास्त."

मी चिडलो. मग त्याने सांगितलं. मूर्ती भरीव नसते. साच्याच्या आतल्या अंगाला माल थापतात, आत पोकळ. एक फुटाची काय, दोन फुटांची काय, थर जवळजवळ तेवढाच. म्हणजे माल वाढतो तो पृष्ठभागाच्या हिशेबाने. दोनाचा वर्ग, चार. पण उंच मूर्तीला थर जरा जाड लागतो, प्लास्टर असेल तर काथ्या जास्त घालावा लागतो, नाहीतर हात तुटतो. म्हणून चौपटीहून थोडं जास्त. फळ्यापाशी उभा राहून मी हे ऐकत होतो आणि माझी आठपट पुसत होतो. तीन वर्षं मी हेच उदाहरण देत आलो होतो. पेणमध्ये राहून.

त्या वर्षी मी लिमिटची व्याख्या त्याच्याच धंद्यातून शिकवली. एप्सिलॉन-डेल्टा म्हटलं की पोरांच्या डोळ्यांत पाणी येतं. मी म्हटलं, गिऱ्हाईक येऊन सांगतं की मूर्तीची उंची ठरल्यापेक्षा अमुक सुतापेक्षा जास्त चुकलेली चालणार नाही. हे त्याचं सूत म्हणजे एप्सिलॉन. तो कितीही बारीक सूत सांगेल, ते ठरवायचा हक्क त्याचा. आपण त्याला उत्तर द्यायचं ते साच्यात: साचा आम्ही एवढ्या सुताच्या आत नेमका ठेवतो, मग मूर्ती तुझ्या सुतात बसेल. ते आपलं सूत म्हणजे डेल्टा. आधी गिऱ्हाईक बोलतं, मग कारखानदार. हा क्रम उलटा झाला की व्याख्या फुटते. वर्गातल्या बहुतेकांना हे कळलं. शांतिनारायणांच्या पुस्तकातल्या ओळी मग त्यांना परक्या वाटल्या नाहीत.

वर्षअखेरीला परीक्षा झाली. एफ.वाय.चे पेपर तेव्हा कॉलेजमध्येच तपासले जात. लिमिटची व्याख्या लिहा, पाच गुण. या मुलाने ती मराठीत लिहिली होती. गिऱ्हाईक, सूत, साचा, सगळं. क्रम बरोबर, 'कोणत्याही' आणि 'असे एखादे' हे दोन्ही शब्द जिथल्या तिथे. गणिती म्हणून मी त्याला पाचापैकी पाच दिले असते. पेपरचं माध्यम इंग्रजी होतं. तपासणी पुन्हा पाहिली जाणार होती, आणि जूनमध्ये माझी नेमणूक नव्याने व्हायची होती, जशी दर जूनमध्ये व्हायची. मी शून्य दिलं. तो गणितात पाच गुणांनी नाही, बऱ्याच जास्त गुणांनी राहिला. माझ्या शून्याने तो नापास झाला असं नाही, हे मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत आलो आहे. तो दुसऱ्या वर्षी आला नाही.

केरूनानांच्या दुभंगलेपणाचं मला जे अगत्य वाटतं त्याचं मूळ त्या पेपरात आहे. एका बाजूने मला त्यांचा हेवा वाटतो. नोकरीचं इंग्रजी आणि घरचं मराठी या दोहोंमधे त्यांना निदान एक दार उघडं ठेवता आलं. माझ्याकडे तर ते दार माझ्याच हातात होतं.

आता नोकरीबद्दल. 'तासावरचा सर' ही जमात आकाशातून पडली नाही, तिचाही इतिहास आहे आणि त्यात कोकणची माणसं जागोजागी आहेत.

१८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज. टिळक तिथे गणित आणि संस्कृत शिकवत. एम.ए.ला गणित घेऊन ते उत्तीर्ण झाले नव्हते, हे त्यांच्या भक्तांना आठवत नाही. पण फळ्याला हात न लावता लांबलचक आकडेमोड तोंडी करत, असं त्यांचे विद्यार्थी सांगत. १८९० मध्ये त्यांनी सोसायटी सोडली. हे भांडण आपण नेहमी सुधारक विरुद्ध सनातनी असं वाचतो. मी त्याच्याकडे पगाराच्या बाजूने पाहिलं. टिळकांचा आग्रह असा की आजीव सभासदाने बाहेरची कमाई करू नये, सगळा वेळ आणि सगळी मिळकत संस्थेची. बाकीच्यांना घरं होती. गोखल्यांचं अंकगणिताचं पुस्तक शाळांमधून चाललं आणि त्याचे पैसे त्यांना मिळत राहिले. टिळक गेल्यावर त्यांचे गणिताचे तास घेतले ते गोखल्यांनीच. मूळ विषय कुठलाही असो, गोखले तो शिकवत.

यातून जो साचा बसला तो असा: वीस वर्षांची प्रतिज्ञा, महिना ७५ रुपये, निवृत्तीनंतर ३०. गोखल्यांनी तो पाळला. मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. सरकारी शिक्षणखात्याने त्यांना सहज उचलून धरलं असतं. ते १९०२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, त्याच ७५ रुपयांवर. चिखलीचे टिळक, कोतळूकचे गोखले, मुर्डीचे परांजपे, नागावचे छत्रे. गणित शिकवणाऱ्या या चौघांना गाव सोडल्याशिवाय कॉलेज दिसलं नाही, कारण कोकणात कॉलेज नव्हतंच.

या त्यागाबद्दल मला आदर आहे. पण त्याची एक बाजू कुणी लिहीत नाही. त्यागाचा पगार एकदा ठरला की तो संस्थाचालकांच्या तोंडी बसतो. शंभर वर्षांनी मला एका संचालकाने मानधन वाढवायच्या अर्जावर परांजप्यांचं उदाहरण दिलं होतं. परांजप्यांना वीस वर्षांची हमी होती, मला मार्चपर्यंतची, हे मी त्यांना बोललो नाही.

त्यागावर चालणारी ही व्यवस्था मोडून पगाराची सरकारी चौकट ज्या संस्थेने आणली तिच्या आरंभी रोह्याचा माणूस आहे, हे मला गंमतीचं वाटतं. चिंतामणराव देशमुख, रोह्याच्या घराण्यातले, जन्म महाडजवळच्या नाते गावचा. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, मग अर्थमंत्री. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९६१ पर्यंत राहिले. आयोगाला कायद्याचा पाया त्याच १९५६ चा. पदवीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, अध्यापकांच्या किमान पात्रता, वेतनश्रेणी, ही सगळी भाषा पुढे आयोगाचीच झाली. १९७३ च्या शिफारशींतून व्याख्यात्याला ७०० ते १६०० ची श्रेणी आली, १९८६ ला २२०० ते ४०००, १९९६ ला ८००० ते १३५००. हे आकडे गणिताच्या प्राध्यापकांना पाढ्यांसारखे पाठ असतात. प्राध्यापक बांधावर मास्तर म्हणून उभा राहायचा तो खुर्चीवर बसला तो या आकड्यांनी.

आणि ज्या चौकटीने खुर्ची दिली तिनेच दार अरुंद केलं. १९९१ च्या नियमांनी नेट-सेट आवश्यक झालं. गणिताची नेट ही तेव्हा सी.एस.आय.आर. घेत असे, आणि ती अवघड असते हे सांगायला मला लाज वाटत नाही. मी तीनदा बसलो. ही परीक्षा असावी की नसावी, असा माझा वाद नाही. असावी. पण त्याच सुमारास नवी कॉलेजं कायम विनाअनुदानित निघू लागली, जुन्यांमधल्या जागा भरायच्या थांबल्या, आणि दोन्हीकडे तास तर घ्यावेच लागत होते. मग तासावरचा मास्तर. ज्याला नेट नाही तो पात्र नाही म्हणून तासावर, आणि ज्याला नेट आहे तो जागा नाही म्हणून तासावर. आमच्या रोह्याच्या गाडीत या दोन्ही प्रकारचे होते आणि डबा एकच असे. पैसे वर्षातून दोनदा, एकदा दिवाळीच्या आगेमागे. रजा नाही, मे महिना नाही. शिवाय गणिताला एक खास भीती: 'वर्कलोड'. टी.वाय.ला गणित घेणारी मुलं घटली की तास घटतात, आणि तास घटले की एक माणूस घटतो. म्हणून दर जुलैला आम्ही केमिस्ट्रीकडे निघालेल्या मुलांना गाठून गणित कसं सोपं आहे हे सांगत फिरायचो. ते सोपं नाही हे आम्हाला ठाऊक होतं.

२००२ मध्ये मी सोडलं. बारावीचे क्लास सुरू केले. टिळकांना जी बाहेरची कमाई नको होती तिनेच मला पेणमध्ये दोन खोल्या दिल्या, आणि जुनी पुस्तकं विकत घ्यायला पैसे. क्लासमध्ये मी सुताची व्याख्या शिकवत नाही, एम.सी.क्यू.मध्ये तिला जागा नाही.

तो मुलगा मला पुन्हा भेटला गेल्या वर्षी, श्रावणात. आता त्याचा स्वतःचा कारखाना आहे, तीन शेड. मी ओळखलं नव्हतं, त्याने हाक मारली. चहा झाला. शून्याबद्दल मी बोललो. त्याला आठवत नव्हतं, किंवा तसं तो म्हणाला. मग त्याने भिंतीवरचा एक पुठ्ठा दाखवला. डाव्या बाजूला उंची फुटांत, उजवीकडे प्लास्टर, काथ्या, वाळायला लागणारे दिवस. वीस वर्षांच्या कामातून आकडे खोडून, बदलून बसवलेले. देवनागरी अंकांत, रेघा पट्टीने मारलेल्या. उंची आणि प्लास्टर हे दोन रकाने मी उतरवून घेतले आणि घरी लॉगॅरिदमच्या कागदावर मांडले. बिंदू जवळजवळ एका रेषेत आले. चढ दोन आणि तीनच्या मधे, दोनाच्या अलीकडे नव्हे आणि तीनाच्या जवळही नव्हे.

पुढच्या रविवारी तो कागद घेऊन गेलो. त्याने नीट पाहिला. साडेपाच फुटांचा साचा त्याच्याकडे नव्हता, पण एका मंडळाची तेवढ्या मूर्तीची मागणी आली होती. रेषेवरून किती माल निघतो ते त्याने विचारलं. मी काढून दिला. त्याने आकड्यात थोडी भर घातली, "हाताचा भाग बाहेर आहे सर," म्हणाला, आणि पुठ्ठ्यावर चार फूट आणि सात फूट यांच्या मधल्या रिकाम्या जागेत पेनाने एक नवी ओळ लिहिली.